वेबसाईटवर शेतकरी हसतोय, पण माहिती कुठंय?



विद्राव्य खतं विकणाऱ्या कंपन्यांच्या वेबसाईट या आठवड्यात मोबाईलवर चाळल्या. बहुतेक एकाच साच्यातल्या. वर हिरवंगार रान, हसणारा शेतकरी (कपड्याला मातीचा डाग नाही), खाली 'भरघोस उत्पादन', 'खात्रीशीर परिणाम'. हे वाचून टाकीत किती किलो टाकायचं ते कळलं का कुणाला?

कॅल्शियम नायट्रेटचंच घ्या. ते १२:६१:०० नाहीतर मॅग्नेशियम सल्फेटबरोबर एकाच टाकीत घट्ट कालवलं की तळाला पांढरा साका बसतो. कॅल्शियम त्या फॉस्फेटला, सल्फेटला धरतं आणि ते पाण्यात विरघळत नाही. ड्रीपर चोक. खताचे पैसे गेले, वर लॅटरल धुवत बसा. 'हे दोन्ही एकत्र सोडू नका', एवढी एक ओळ लिहायला काय खर्च येतो? ती शोधावी लागते. सापडली तर इंग्रजीत, आणि मराठीत असली तर मशीनचं भाषांतर, मोठ्यानं वाचलं तर बैल बुजतील.

औषधांचं तेच. मात्रा हेक्टरी, पाणी ५०० लिटर. म्हणजे एकरी साधारण २०० लिटर, २० लिटरचे १० पंप. हा हिशोब विकणाऱ्यानं लिहून द्यायचा. आपण तो दुकानदाराच्या तोंडावर सोडतो. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली. कारणं एक नव्हती, पण औषध किती, कशात, काय घालून मारायचं हे समजेल असं लिहिणं म्हणजे सजावट नव्हे.

कंपनीवाले म्हणतात, शेतकरी वाचत नाही. द्राक्षवाल्यांना विचारा की! मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा औषधांचा तक्ता रुक्ष आहे, पण काढणीआधी किती दिवस फवारणी बंद ठेवायची ते आकड्यात दिलंय. निर्यात करणारा तो बोट ठेवून वाचतो, कारण रेसिड्यू सापडला की माल अडकतो. कामाचं लिहा, वाचतोच आम्ही.

आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही सोडत नाही मी. हळद विकायचीय आणि वेबसाईटवर अध्यक्षांचा सत्कार! मुंबईच्या खरेदीदाराला फेटा नको, त्याला जात कोणती, कुर्कुमीन किती टक्के, ओलावा किती, पॉलिश झालीय का, कोणत्या महिन्यात किती टन मिळेल हे पाहिजे. ते नसेल तर तो पुढच्या कंपनीचं पान उघडतो. फोन करून विचारायला कोण बसलंय?

आता हंगामाच्या तोंडावर कंपन्यांची पोरं टोप्या अन् डायऱ्या घेऊन बांधावर येतील. त्यांना चहा पाजा, पोरांचा दोष नाही. पण साहेबाला निरोप द्यायला सांगा, टोपी राहू द्या, कशात काय मिसळायचं नाही ते साध्या मराठीत वेबसाईटवर टाका, मग ऑर्डरचं बोलू.