'पहिली'च्या पुढे

पोलादपूर तालुक्यातील कापड्यासारख्या गावातून दहावी झालेली मुलगी सल्ल्यासाठी आली की आम्हां प्राध्यापकांचे उत्तर ठरलेले असते : कला शाखा घे, पुढे बी.एड. कर. मुलाने परिचर्येच्या अभ्यासक्रमाविषयी विचारले, तर आम्हांला हसू येते. आणि वर्गात मात्र आम्ही आनंदीबाई जोशींचे गोडवे गातो!

सह्याद्रीपलीकडच्या सातारा जिल्ह्यातील सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली. १९८९ मध्ये त्या रेल्वेत सहायक चालक झाल्या. २०११ मध्ये त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत. २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. छत्तीस वर्षांच्या या नोकरीतून आम्ही उचलले काय, तर 'आशियातील पहिली महिला रेल्वेचालक' एवढेच शब्द.

'पहिली' हे विशेषण वरकरणी गौरवाचे, प्रत्यक्षात आमच्या सोयीचे आहे. पहिली म्हणजे अपवाद. आणि अपवादाला हार घातला की नियम बदलण्याची जबाबदारी उरत नाही. वास्तविक पदविका आणि भरती ही वाट दुसरीला, दहावीलाही चालता येण्याजोगी होती. 'पालक तयार होत नाहीत', असे आम्ही म्हणतो. पण त्या पालकांशी आम्ही कधी बोललो? शिवाय आमच्या सल्ल्याने वर्ग कोणाचे भरतात, हेही एकदा प्रामाणिकपणे कबूल करावे.