पंक्चर झाले, पण डिकीत स्टेपनीच नाही!

चेन्नईहून पुदुच्चेरीला जाणारा ईस्ट कोस्ट रोड हा सहकुटुंब सहलीसाठी मोठा सुरेख रस्ता. डाव्या हाताला अधूनमधून दिसणारा समुद्र, वाटेत महाबलीपुरम आणि एकूण जेमतेम दीडशे किलोमीटरचा प्रवास. पण मध्येच स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागले, चाकाखालून फटफट आवाज येऊ लागला, की साऱ्या सहलीचा नूर पालटतो. पंक्चर ही तशी किरकोळ गोष्ट. तिचा अपघात होतो तो बहुतेक वेळा घाईमुळे आणि अज्ञानामुळे.

टायरमधली हवा एकदम गेली, तर करकचून ब्रेक मारणे हा सर्वांत मोठा धोका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा आणि वेग उतरल्यावरच गाडी डावीकडे घ्यावी. रस्त्याच्या वळणावर किंवा पुलावर थांबू नये. चार पावले पुढे जाऊन कडक, सपाट जमीन मिळत असेल, तर तेवढे सावकाश जावे. एखादा टायर गेला तरी चालेल, माणूस महत्त्वाचा. चारही इंडिकेटर एकदम लावावेत, लाल त्रिकोण गाडीच्या मागे बऱ्याच अंतरावर ठेवावा आणि मुलांना व वडीलधाऱ्यांना डाव्या दाराने उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे. गाडीत बसवून ठेवू नये.

चाक बदलण्याचा क्रमही ठरलेला आहे. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि जे चाक काढायचे त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला दगड लावावा. नट आधी सैल करावेत आणि मगच जॅक लावावा. गाडी उचलल्यावर जोर लावून नट फिरवायला गेले, तर ती जॅकवरून घसरू शकते. जॅकवरच्या गाडीखाली हात किंवा डोके कधीही घालू नये. नवे चाक बसवताना नट एकामागून एक न आवळता समोरासमोरचे आवळावेत, म्हणजे चाक वाकडे बसत नाही. पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर ते पुन्हा एकदा तपासावेत.

हे सारे झाले डिकीत स्टेपनी असेल तर. या शब्दाची कथा मोठी गमतीची आहे. मोटारी नव्या होत्या तेव्हा त्यांच्यासोबत जादा चाक येतच नसे. 1904 मध्ये वेल्समधल्या लानेली गावी डेव्हिस बंधूंनी असे जादा चाक तयार केले. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, म्हणून चाकाचे नाव स्टेपनी पडले. इंग्लंडमध्ये हा शब्द केव्हाच मागे पडला. पण आपल्याकडे मराठीत काय किंवा तमिळमध्ये काय, तो घराघरांत रुळला. चेन्नईच्या पंक्चरवाल्या अण्णांनाही दोनच शब्द सांगितले की पुरते, ‘पंचर’ आणि ‘स्टेपनी’. हवेला मात्र ते ‘कात्तु’ म्हणतात, एवढे लक्षात ठेवावे!

टायरच्या बाबतीत चेन्नई हे काही परके शहर नव्हे. सचिन तेंडुलकरच्या बॅटवर झळकलेली एमआरएफ ही अक्षरे म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी. के. एम. मम्मेन माप्पिलै यांनी 1946 मध्ये तिरुवोट्टियूर येथे खेळण्यातले फुगे बनवण्यापासून सुरुवात केली. 1952 मध्ये ते टायरच्या रिट्रेडिंगसाठी लागणाऱ्या रबराकडे वळले आणि 1961 मध्ये टायर बनवू लागले. याच शहराच्या दक्षिणेला 2007 मध्ये बीएमडब्ल्यूचा मोटार जुळणीचा कारखाना सुरू झाला. या कंपनीच्या अनेक गाड्यांबरोबर ‘रन-फ्लॅट’ टायर भारतीय रस्त्यांवर आले आणि डिकीतली स्टेपनी नाहीशी होऊ लागली.

रन-फ्लॅट म्हणजे पंक्चर न होणारा टायर, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. खिळा त्यालाही लागतो आणि हवा त्याचीही जाते. फरक इतकाच, की त्याच्या बाजूच्या भिंती जाड, मजबूत रबराच्या असतात. साध्या टायरमध्ये गाडीचे वजन हवा पेलते. हवा गेली की भिंती दुमडतात, रिम खाली टेकते आणि टायरचे तुकडे होतात. रन-फ्लॅटमध्ये हवा गेल्यावर भिंतीच ते वजन काही काळ पेलतात. ‘काही काळ’ म्हणजे किती? साधारणपणे ताशी 80 किलोमीटरपेक्षा कमी वेगाने, जास्तीत जास्त 80 किलोमीटर. गाडी भरलेली असेल किंवा ऊन रणरणते असेल, तर त्याहूनही कमी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

हा हिशेब सहलीला निघण्यापूर्वीच करावा. ईस्ट कोस्ट रोडच्या ऐन मध्यावर पंक्चर झाले, तर दोन्ही शहरे सुमारे 75 किलोमीटरवर, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर! शिवाय ही मोजणी हवा गेल्यापासून सुरू होते, आपल्या लक्षात आल्यापासून नव्हे. ताठ भिंतींमुळे टायर बसल्याचे बाहेरून कळतही नाही. म्हणूनच अशा गाडीत हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असते. डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा ‘नंतर बघू’ म्हणून सोडून देणे म्हणजे ते 80 किलोमीटर नकळत खर्च करणे होय.

रन-फ्लॅटचा फायदा खरा आहे. रात्रीच्या वेळी, भर पावसात किंवा एकट्या बाईमाणसाला निर्जन रस्त्यावर उतरावे लागत नाही. पण त्याचे मोलही द्यावे लागते. हे टायर महाग असतात आणि सगळ्या दुकानांत मिळत नाहीत. ते कडक असल्याने खड्ड्यांचे धक्के जास्त जाणवतात. हवेविना चालवलेला रन-फ्लॅट आतून कितपत जळाला आहे, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून बहुतेक कंपन्या तो दुरुस्त न करता बदलण्याचाच सल्ला देतात.

खर्च वाचवण्यासाठी अनेक जण पुढे साधे टायर बसवून घेतात. खरा धोका इथेच आहे. गाडीत स्टेपनी नाही, ती ठेवायला जागा नाही, आणि आता हवेविना धावणारा टायरही नाही! साधे टायर घ्यायचेच असतील, तर चारही एकाच प्रकारचे घ्यावेत आणि सोबत स्टेपनीची किंवा दुरुस्ती संचाची सोय करावी. जुनी गाडी विकत घेताना तर टायर आवर्जून तपासावेत. रन-फ्लॅटवर आरएफटी, आरओएफ, झेडपी, एसएसआर अशी काही अक्षरे असतात.

आता साध्या गाड्यांनाही स्टेपनी असेलच असे नाही. 2020 मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्ती संच असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला जादा चाकाची सक्ती राहिली नाही. संचातले चिकट द्रव्य टायरच्या तळव्यातले बारीक भोक बुजवते. बाजूची भिंत फाटली, तर त्याचा उपयोग नाही. बाटलीवर मुदतीची तारीख असते, ती पाहावी. द्रव्य वापरले असेल, तर पंक्चरवाल्याला आधी सांगावे.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला, तर तो उपटू नये. बऱ्याचदा तोच भोक बुजवून ठेवतो. हवा भरावी आणि जवळचे दुकान गाठावे. पंक्चर काढताना स्वतः शेजारी उभे राहावे. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे येतील तेवढीच पंक्चरे खरी!

महाराष्ट्रातून चेन्नईत आलेल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथला मुख्य पाऊस जूनमध्ये नव्हे, तर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. तेव्हा टायरची तपासणी दसऱ्याच्या आत उरकावी. खाचांची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली, की टायर कायद्यानेही बाद. आणि मे महिन्याच्या उन्हात हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, तापतो आणि फुटतो. हवा सकाळी, टायर गार असतानाच तपासावी. प्रवासात तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला, म्हणून हवा सोडू नये.

टायरचे वयही पाहावे. त्याच्या भिंतीवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यातला टायर. डिकीत वर्षानुवर्षे पडून असलेली स्टेपनी कोरी दिसते, पण तिचे रबरही म्हातारे झालेले असते.

या रविवारी अर्धा तास काढून गाडीची डिकी उघडावी. स्टेपनी आहे का, तिच्यात हवा आहे का, जॅक आणि पाना जागेवर आहेत का, हे घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याने डोळ्यांनी पाहावे. मुलीला आणि सुनेला एकदा चाक बदलायला लावावे. भर रस्त्यात शिकण्यापेक्षा अंगणात शिकलेले केव्हाही बरे.