एसीचा गॅस ‘संपत’ नाही, तो सोडला जातो

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मी कामानिमित्त हैदराबादला असतो. गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला, म्हणून घराजवळच्या गॅरेजमध्ये गेलो. “गॅस खतम हो गया, साहब” असे निदान क्षणात झाले. मेकॅनिकने सर्व्हिस व्हॉल्व्हचे टोपण काढले, स्क्रूड्रायव्हरने आतली पिन दाबली आणि गॅस बराच वेळ फुसफुसत बाहेर पडत राहिला. हा गोळा करून ठेवत नाही का, असे मी विचारले. तो हसून म्हणाला, “साहब, हवा ही तो है.” भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेला मी गप्प राहिलो, नवा गॅस भरून घेतला, पैसे दिले आणि घरी आलो. ते गप्प राहणे अजून खटकते, म्हणून हे लिहीत आहे.

पहिली गोष्ट, एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो एका बंद वर्तुळात फिरतो. कूलिंग कॉइलमध्ये उकळताना तो केबिनमधली उष्णता घेतो आणि कंडेन्सरमध्ये पुन्हा द्रव होताना ती बाहेर टाकतो. वर्तुळ अभंग असेल, तर तोच गॅस वर्षानुवर्षे पुरतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. बहुधा एखादी ओ-रिंग, जोड किंवा दगड लागून भोक पडलेला कंडेन्सर. गळती न शोधता ‘टॉप-अप’ करणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. शिवाय गॅस खरोखरच संपला असता, तर तो फुसफुसाट कशाचा होता?

आपल्याकडील बहुसंख्य गाड्यांमध्ये आजही आर-१३४ए हा गॅस असतो. त्यात क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला त्याचा धोका नाही. ‘सुरक्षित गॅस’ हे त्याचे नाव त्यामुळेच पडले. मात्र त्याच्या रेणूतील कार्बन-फ्लोरिन बंधांची कंपने साधारण ८ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त प्रारण शोषतात. पृथ्वीची उष्णता ज्या ‘वातावरणीय खिडकीतून’ अंतराळात सहज निसटते, ती खिडकी नेमकी याच पट्ट्यात आहे. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांनी मोकळी सोडलेली ही खिडकी हा गॅस बंद करू लागतो. त्याचे वातावरणातील आयुष्य सुमारे १४ वर्षे असून शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-१३४ए सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो.

आता साधे गणित करू. लहान गाडीत सुमारे अर्धा किलो गॅस असतो, म्हणजे ७१५ किलो कार्बन डायऑक्साइड. पेट्रोल गाडी दर किलोमीटरला १२० ग्रॅम सोडते असे धरले, तर हे सुमारे ६,००० किलोमीटरच्या प्रवासाइतके झाले. मुंबईहून दिल्लीला दोनदा जाऊन येण्याहूनही अधिक. गळतीमुळे गाडीत निम्माच गॅस उरला होता असे मानले, तरी ३,००० किलोमीटर त्या दोन मिनिटांत हवेत गेले.

यावर कायदा काय म्हणतो? १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने क्लोरोफ्लुरोकार्बन आटोक्यात आणले. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने आर-१३४एच्या कुळातील गॅस त्याच चौकटीत घेतले आणि २०२१ मध्ये भारताने तिला मान्यता दिली. त्यानुसार २०२८ पासून आपला वापर गोठवायचा आहे, तो २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करायची आहे. पण हा करार मोजतो ते उत्पादन, आयात आणि निर्यात. एकदा गाडीत भरलेला गॅस पुढे कुठे जातो, हे त्या हिशेबात येत नाही. क्लोरोफ्लुरोकार्बन थांबवताना मोजक्या कारखान्यांवर लक्ष ठेवणे पुरेसे होते. इथे गॅस कोट्यवधी गाड्यांत विखुरलेला आहे आणि त्याची खरी चावी गल्लीतल्या गॅरेजमध्ये आहे.

अमेरिकेत गाडीचा एसी दुरुस्त करताना हा गॅस जाणूनबुजून हवेत सोडण्यास मनाई आहे आणि व्यावसायिक तंत्रज्ञाला प्रमाणपत्र व मान्यताप्राप्त यंत्र लागते. हे यंत्र जुना गॅस ओढून घेते, त्यातले तेल व ओलावा वेगळा करते, व्हॅक्यूम करते आणि मग ग्रॅममध्ये मोजून गॅस परत भरते. आपल्याकडेही अधिकृत सर्व्हिस सेंटरांत अशी यंत्रे दिसतात. लहान गॅरेजवाल्याला मात्र ते परवडत नाही. म्हणून त्याला दोष देऊन मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. गॅस वाचवण्यासाठी लागणारा अर्धा तास त्याला कोणी मोजून देत नाही. ग्राहकाला तर एसी लवकर आणि स्वस्तात हवा असतो. त्या दिवशी मलाही तेच हवे होते.

नवा, कमी तापकारक गॅस येईल आणि प्रश्न सुटेल, असा युक्तिवाद होतो. युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांत आर-१३४ए चालत नाही, हे खरे. परंतु आज रस्त्यावर असलेल्या गाड्या आणखी दहा-पंधरा वर्षे धावतील आणि त्यांतला गॅस आहे तोच राहील. २०१९ च्या भारतीय शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट होते. प्रशिक्षणाला साधनांची जोड हवी. गॅरेजांच्या प्रत्येक बाजारपेठेत भाड्याने मिळणारे सामाईक यंत्र, जुना गॅस तपासून विकत घेणारे केंद्र आणि बिलात ‘गॅस पुनर्प्राप्ती’ अशी स्वतंत्र ओळ, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. गॅस तपासणे आवश्यक आहे, कारण भेसळ झालेला गॅस इतर साठाही वाया घालवतो. २०२८ नंतर नव्या गॅसवर मर्यादा येईल, तेव्हा वाचवलेल्या गॅसला मोलही येईल.

तोवर एसीच्या कामाला जाताना तीन प्रश्न विचारावेत. गळती कुठे सापडली? जुना गॅस यंत्राने काढणार का? नवा किती ग्रॅम भरणार? तिसऱ्याचे उत्तर बॉनेटखालच्या लेबलवर छापलेले असते. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळाले नाही, तर दुसरे गॅरेज शोधावे आणि अर्ध्या तासाचे जास्तीचे पैसे कुरकुर न करता द्यावेत.

पुढच्या वेळी “हवा ही तो है” असे कोणी म्हणाले, तर वरचे गणित मी तिथेच, त्याच्या बिलबुकाच्या पाठीवर करून दाखवणार आहे.