ओहोटीचं माप भरतीला चालत नाही

शिवडीच्या चिखलात उतरणाऱ्या फ्लेमिंगोंचे कान आपण जपले. अटल सेतूला त्या टापूत ध्वनिरोधक लावले गेले आणि ते योग्यच झालं. पण ज्या पाण्यात त्या पुलाचे खांब उभे राहिले, त्या पाण्यातल्या जिवांच्या कानांसाठी आपल्याकडे आवाजाची मर्यादाच ठरलेली नाही. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम हवेतल्या आवाजाचे आहेत. मिरवणुकीतल्या डीजेला ते लागू होतात. समुद्रात पायलिंगचा, म्हणजे तळात खांब ठोकण्याचा, घण बसतो तेव्हा पाण्यात जो दणका उठतो, त्याला नाही.

माझी नोकरी नौदलातली, कानाला हेडफोन लावून सोनारवर पाणबुडी शोधण्याची. निवृत्तीनंतर डहाणूकडे गावी राहतो, त्यामुळे वाढवण बंदराचा विषय रोज कानावर येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. खर्च सुमारे ७६ हजार कोटी. शेजारचे तांडेल मला विचारतात, “दादा, काम जोरात सुरू झालं की तो आवाज पाण्यातून किती लांब जाईल?” मी उलट विचारतो, “कुठल्या महिन्यात? भरतीला की ओहोटीला?” त्यांना वाटतं मी टाळतोय. पण याहून खरं उत्तर माझ्यापाशी नाही.

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो, हवेतल्या चौपटीहून जास्त. पाणी एक अंशाने तापलं की त्यात दोन-तीन मीटरची भर पडते, खारटपणा घटला की वेगही घटतो. आणि जिकडे वेग कमी, तिकडे आवाज वळतो. १९३०च्या दशकात क्यूबातल्या ग्वांतानामोजवळ अमेरिकी नौदलाच्या सोनारला सकाळी नीट सापडणारं लक्ष्य दुपारी हरवायचं. काहींनी ऑपरेटरच्या दुपारच्या जेवणाला दोष दिला. खरं कारण होतं ऊन. वरचं पाणी तापलं की आवाज खालच्या थंड पाण्याकडे झुकतो आणि सरळ समोरचं लक्ष्य सुटतं. म्हणून आम्ही सोनारच्या आकड्यावर विश्वास टाकण्याआधी समुद्रात बीटी सोडायचो, म्हणजे खोलीप्रमाणे तापमान नोंदवणारं यंत्र. कालचा आलेख आज कोणी वापरत नसे.

खोल समुद्रात निदान तळ दूर असतो. आपल्या किनाऱ्यालगत तो लगेच लागतो. इथे आवाज कॅरमच्या सोंगटीसारखा पृष्ठभाग आणि तळ यांच्यावर आपटत पुढे जातो आणि प्रत्येक टप्प्याला काही गमावतो. किती, ते तळ ठरवतो: वाळू बराच आवाज परत पाठवते, मऊ गाळ पिऊन टाकतो. दहा मीटर पाणी आणि खाली वाळू असेल, तर साधारण नव्वद हर्ट्झखालचा खर्ज पाण्यातून लांब जात नाही, तळात मुरतो. उधाणाच्या भरतीने तेच पाणी चौदा मीटर झालं की ही मर्यादा पासष्टच्या आसपास उतरते. म्हणजे सकाळी ओहोटीला दणक्यातला जो खर्ज जागीच जिरला, तोच दुपारी भरतीला पुढच्या गावाच्या जाळ्यापर्यंत पोचू शकतो. घण तोच, खांब तोच.

ऋतूंचंही तसंच. पावसाळ्यात खाडीचं गोडं पाणी वर पसरतं, आवाज वरच्या अंगाला वळतो आणि फुटत्या लाटांच्या बुडबुड्यांत अडकतो. पाण्यात शेकडा एक भाग हवा बारीक बुडबुड्यांनी मिसळली, तर आवाजाचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या घरात येतो, हवेतल्याहूनही कमी. पावसाळा सरला की वर तापलेलं आणि खाली थंड पाणी राहतं, आवाज तळाकडे जातो. थंडीत पाणी वरपासून खालपर्यंत एकजीव झालं की तो लांबचा पल्ला गाठतो.

आता ऐकणारे कोण? घोळ आणि ढोमी एकाच कुळातले, बोलके मासे. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ते ढोलासारखा आवाज काढतात, विशेषतः विणीच्या काळात. तो बहुतांशी काही शे हर्ट्झचा. पायलिंगचा जोरही प्रामुख्याने हजार हर्ट्झच्या आतच. म्हणजे मासा ज्या पट्टीत जोडीदाराला हाक मारतो, त्याच पट्टीत घण बसतो. याच घोळीने २०२१ मध्ये पालघरच्या एका होडीला एका फेरीत कोटीहून जास्त रुपये मिळवून दिले होते.

जर्मनीने उत्तर समुद्रात पवनचक्क्यांचे खांब ठोकताना ७५० मीटरवर १६० डेसिबलची मर्यादा घातली. हे पाण्यातले डेसिबल आहेत. मोजणीचा पाया वेगळा असल्याने डीजेच्या आकड्याशी त्यांची थेट तुलना करू नये. ती मर्यादा पाळायला ठेकेदार खांबाभोवती तळाशी भोकांची नळी टाकून बुडबुड्यांचा पडदा उभा करतात आणि प्रत्यक्ष मोजमाप करून दाखवतात. पावसाळी लाट जे फुकट करते, तेच हे यंत्राने करतात.

आपल्याकडे हे कळत नाही असं नाही. उथळ पाण्यात पाणबुडी शोधणं अवघड, म्हणून नौदल त्यासाठी खास सोळा जहाजं बांधून घेत आहे. त्यातलं पहिलं १८ जून २०२५ रोजी दाखल झालं आणि त्याला नाव मिळालं आपल्या वसईजवळच्या अर्नाळ्याचं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ग्रँड आयलंडजवळ माशांचे समूहस्वर ध्वनिमुद्रित करून अभ्यासले आहेत. यंत्रं आहेत, माणसं आहेत. शत्रू शोधताना जो समुद्र सरकारला क्षणाक्षणाला बदलणारा वाटतो, तो बांधकामाची परवानगी देताना अचानक स्थिर कसा होतो?

बंदर नको, असं मी म्हणत नाही. ७६ हजार कोटींच्या कामात वर्षभर पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला आवाज टिपणारे मायक्रोफोन, ठेवण्याचा खर्च हिशेबात दिसणारही नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक मोठ्या प्रकल्पाला तीन अटी घाला. काम सुरू होण्याआधी सगळे ऋतू आणि भरती-ओहोटी दोन्ही धरून वर्षभर ऐका. पाण्यातल्या आवाजाला मर्यादा ठरवा आणि काम चालू असताना रोज मोजा. माशांचा समूहस्वर ऐकू येतो त्या दिवसांत आणि वेळांत घण थांबवा. मोजलेले आकडे मच्छिमार सोसायटीच्या फळ्यावर मराठीत लागले पाहिजेत.

आणि किनाऱ्यावरच्या माझ्या भावाबहिणींना एक सांगणं. जनसुनावणीत कोणी नकाशावर प्रकल्पाभोवती गोल वर्तुळ काढून “आवाज एवढाच जाईल” म्हणाला, तर विचारा: हे माप कुठल्या महिन्याचं, कुठल्या भरतीचं, आणि तळ वाळूचा धरला की गाळाचा? उत्तर लेखी मागा, आणि ते इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय उठू नका.