गळतीचे मूळ सांध्यात

कौलारू घरांच्या काळी वैशाखात शाकारणी झाल्यावाचून पावसाळ्याची बेगमी पुरी झाली असे कोणी मानीत नसे. पत्रे आणि गच्च्या आल्या, तशी ती रीत मागे पडली. पाऊस मात्र पूर्वीप्रमाणेच नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, आणि सुरतेत तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. छपराची तपासणी मे महिन्यातच व्हावी ती यासाठी.

छप्पर सहसा मधोमध गळत नाही. गळतो तो सांधा. पत्रा भिंतीला टेकतो तेथे, टाकीचा नळ गच्चीतून खाली उतरतो तेथे, कठडा गच्चीला मिळतो तेथे. भिंत जागची हलत नाही. पत्रा उन्हाने वाढतो आणि रात्री आखडतो. दहा फुटी लोखंडी पत्रा ४० अंशांच्या फरकाने सुमारे दीड मिलिमीटर लांबतो. मध्ये नुसते सिमेंट थापले असेल, तर ते तडकणारच. त्याऐवजी भिंतीत खाच पाडून जस्ती पट्टीची वरची कड तीत पक्की बसवावी आणि खालची कड पत्र्यावर मोकळी लोळू द्यावी.

डाग दिसतो त्याच्या नेमके वर छिद्र असेलच असे नाही. पाणी वाशावरून घरंगळत येऊन भलतीकडे ठिबकते. म्हणून शोध चढाच्या बाजूस घ्यावा. कोरड्या दिवशी एकाने खाली दिवा घेऊन उभे राहावे व दुसऱ्याने शिडीवरून, खालच्या सांध्यापासून आरंभ करून, एकेका सांध्यावर थोडा वेळ पाणी सोडावे. पाऊस नसतानाही डाग ओला राहत असेल, तर दोष बहुधा नळाचा समजावा.

सुरतकरांनी आणखी एक तपासणी उत्तरायणानंतर करावी. पतंगांच्या त्या धामधुमीत पट्ट्या वाकतात, आणि मांजा व कागद पन्हळीच्या तोंडाशी अडकतात. तुंबलेले पाणी मग उलटे सांध्यात शिरते.

सिमेंटच्या पत्र्यावर मात्र कोणीही पाय ठेवू नये. तो अकस्मात फुटतो व माणूस खाली कोसळतो. ओल दिव्याच्या वायरीपर्यंत पोहोचली असेल, तर कोरड्या जागी उभे राहून आधी मेन स्विच बंद करावा आणि वायरमनला बोलवावे.