लाइन का थांबली, ते कुठे लिहिलंय?

रात्रपाळीत पॅकिंगची लाइन दोनदा थांबते. मेंटेनन्सचा मुलगा धावत येतो, पॅनेल उघडतो, रीसेट दाबतो आणि लाइन पुन्हा सुरू होते. शिफ्टच्या वहीत एक ओळ पडते: ‘लाइन ट्रिप, रीसेट केले.’ भोसरी असो, सातपूर असो की वाळूज, कारखान्यात काम केलेल्या माणसाला ही ओळ पाठ असते. सकाळी साहेब विचारतात, का थांबली? स्काडाच्या, म्हणजे देखरेख करणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर तर सेन्सरचा रात्रभराचा आलेख सरळ गेलेला दिसतो.

त्या आलेखाला घडलेलं दिसलेलंच नसतं. पीएलसी, म्हणजे लाइन चालवणारा छोटा संगणक, आपला प्रोग्राम दर काही मिलिसेकंदांनी वरपासून खालपर्यंत वाचत असतो. स्काडा त्याच्याकडे आकडे मागते ती बहुतेक ठिकाणी सेकंदातून एकदा. सेन्सरचा सिग्नल 200 मिलिसेकंद गेला आणि परत आला, तर पीएलसी लाइन थांबवतो, पण स्काडाच्या हाती तो क्षण बहुधा लागत नाही. यावरचा उपाय महागडा नाही. लाइन सर्वांत आधी कशामुळे थांबली हे धरून ठेवणारा एक बिट आणि त्या क्षणाची वेळ, एवढं प्रोग्राम लिहितानाच साठवलं तरी पुरतं. कोडेसिस किंवा टीआयए पोर्टल या पीएलसीचा प्रोग्राम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ट्रेस’ची सोय असते. निवडलेले सिग्नल त्यात पीएलसीच्या स्वतःच्या वेगाने टिपता येतात. पण कमिशनिंग, म्हणजे मशीन सुरू करून देण्याचं काम, संपलं की ही सोय सहसा कुणी उघडतच नाही.

दुखणं इथेच आहे. नोंदी ठेवणं हे प्रोग्राम लिहिण्याचंच काम आहे, पण आपल्याकडे ते शेवटच्या आठवड्यात, रिपोर्ट हवा म्हणून उरकलं जातं. रंग दिलेल्या भिंतीत वायरिंगसाठी खाचा पाडाव्यात, तसं.

बरं, सगळंच साठवू म्हटलं तर 500 टॅग, म्हणजे वेगवेगळी मोजमापं, दर सेकंदाला नोंदवल्यावर दिवसाला 4 कोटी 32 लाख आकडे जमतात. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ‘डेडबँड’ ठेवतात. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी बदल झाला, तर नोंदच होत नाही. पंपाच्या दाबातली बारीक थरथर त्या मर्यादेच्या आत राहिली, तर ती कायमची पुसली जाते. ही मर्यादा ठरवतो ऑफिसात बसलेला प्रोग्रामर. ती थरथर कानांनी ओळखणाऱ्या ऑपरेटरला विचारलं जातच नाही.

नोंद झाली तरी ती नीट दिसायला हवी. 23 मार्च 2005 रोजी अमेरिकेतल्या टेक्सास सिटी रिफायनरीत स्फोट होऊन 15 जणांचा जीव गेला. एका 170 फुटी मनोऱ्यात द्रव भरत चालला होता, आणि पातळी मोजणारं उपकरण फक्त तळाचे काही फूट मोजू शकत होतं. पडद्यावर पातळी 10 फुटांच्या आत होती, शिवाय हळूहळू उतरतानाही दिसत होती. प्रत्यक्षात ती 150 फुटांच्या वर गेली होती. आत किती येतंय आणि बाहेर किती जातंय, हे दोन्ही आकडे संगणकात होते, पण वेगवेगळ्या पडद्यांवर. त्यांची वजाबाकी करून दाखवणारी एक ओळ प्रोग्राममध्ये नव्हती. अपघातानंतर चौकशी करणाऱ्यांना मात्र त्याच साठवलेल्या आकड्यांनी मोठी मदत केली.

आणि घड्याळ? 14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली. ओहायोतल्या एका नियंत्रण कक्षाची धोक्याची सूचना देणारी यंत्रणा सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे बंद पडली होती, आणि ती बंद आहे हेच कक्षातल्या लोकांना ठाऊक नव्हतं. पुढे घटनाक्रम जुळवताना कळलं, की अनेक नोंदींवरच्या वेळा चुकीच्या आहेत. कुठे संगणक मागे पडला होता, कुठे घड्याळच प्रमाणवेळेशी लावलेलं नव्हतं. आपल्या कारखान्यांत आजही एका पॅनेलवर चार वाजलेले असतात आणि शेजारच्या पॅनेलवर चार वाजून सात मिनिटं. त्या सात मिनिटांत आधी काय बिघडलं आणि मागाहून काय, ते कुणीच सांगू शकत नाही.

याहून बोचणारी गोष्ट म्हणजे पासवर्ड. 1968 मध्ये जनरल मोटर्सला रिलेंच्या जंजाळातून सुटका हवी होती. त्यातून पुढे मॉडिकॉन 084 हा पीएलसी आला. त्याची भाषा मुद्दाम रिलेच्या नकाशासारखी, शिडीच्या (लॅडरच्या) आकाराची ठेवली, कारण ती कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला वाचता यावी. आज तोच लॅडर काही इंटिग्रेटर, म्हणजे यंत्रणा बसवून देणारे कंत्राटदार, पासवर्डचं कुलूप लावून देतात. एकाही ओळीवर कॉमेंट नसते, बॅकअप त्यांच्याच लॅपटॉपमध्ये राहतो. मशीनसाठी कर्ज काढलेल्या लघुउद्योजकाला स्वतःच्या मशीनचं डोकं उघडता येत नाही. ज्ञान जपण्याचा हक्क इंटिग्रेटरलाही आहे, पण तो करारात लिहून मिळवावा. ग्राहकाला अंधारात ठेवून नव्हे.

पर्चेस ऑर्डरमध्ये यासाठी चार ओळी वाढवल्या तरी पुष्कळ होईल: कॉमेंटसह मूळ प्रोग्राम, कच्च्या नोंदी साध्या फाइलमध्ये काढण्याची सोय, सगळ्या पॅनेलांना एकच वेळ, आणि पहिल्या ट्रिपची नोंद. शेवटचा हप्ता देण्याआधी ऑपरेटरला सोबत घ्यावं, इंटिग्रेटरसमोर सुरक्षितपणे एका सेन्सरची वायर काढावी आणि लाइन थांबू द्यावी. मग पडद्यावर त्याच सेन्सरचं नाव आणि नेमकी वेळ येते का, ते पाहावं. नाही आली, तर चेक खिशातच ठेवावा.