व्हिडिओ बघून नाही, बोलूनच बोलता येतं!



"दादा, इंग्लिश सुधारायला कुठले व्हिडिओ बघू?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचमध्ये येतो. माझं मत स्पष्ट आहे: नुसते बघणार असाल, तर कुठलेच नको. बघून कान तयार होतो, जीभ नाही. आणि गिऱ्हाइकाशी जिभेनेच बोलायचं असतं.

आपल्या खडकवासल्याचंच घ्या. चौपाटीवर कणीस-भजी विकताना मराठी-हिंदीत भागतं. पण एनडीएच्या पासिंग आउट परेडला केरळ, तमिळनाडू, ईशान्येकडचे पालक येतात. खोली, जेवण, गाडी लागते. तिथे चार वाक्यं अडली, की गिऱ्हाईक शेजारी जातं.

'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) आठवतो? दिग्दर्शिका गौरी शिंदे पुण्याच्या. त्यांची आई घरातून लोणच्याचा व्यवसाय करायची, सिनेमा सुचला तो तिच्यावरून. त्यातली शशी लाडू विकते. लक्षात घ्या, तिचा धंदा आधी उभा राहिला, इंग्लिश नंतर आलं. आणि आलं कसं? क्लासमध्ये चुकत-माकत, सगळ्यांसमोर तोंड उघडलं म्हणून.

मग व्हिडिओ वापरायचा कसा?

१. एकच मिनिटाचा तुकडा निवडा. यूट्यूबवर 'बीबीसी लर्निंग इंग्लिश' फुकट आहे. दुकान, हॉटेल, फोनवरचं बोलणं असे विषय शोधा.

२. सबटायटल लावा, स्पीड ०.७५ करा.

३. प्रत्येक वाक्यानंतर पॉज करा आणि मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात नाही!

४. त्याच वाक्यात आपला माल घाला. 'वुड यू लाइक सम कॉफी?' ऐकलंत, तर 'वुड यू लाइक सम पिकल?' म्हणा.

५. फोनवर रेकॉर्ड करून मूळ व्हिडिओशी ताडून बघा.

रोज १५ मिनिटं, ३० दिवस. कोर्सला माझा विरोध नाही. समोर बसून चूक सांगणारा माणूस व्हिडिओत मिळत नाही, हे खरंच आहे. पण भांडवलातले हजारो रुपये फीमध्ये घालण्याआधी हे फुकटचं करून बघा. महिनाभर रोज १५ मिनिटं निघाली नाहीत, तर फी भरूनही निघणार नाहीत.

आणि "इंग्लिश आलं की धंदा सुरू करतो" म्हणून थांबू नका. फाडफाड इंग्लिश नको आहे. भाव, वेळ, पत्ता आणि आभार, एवढं न अडखळता सांगता आलं तरी पहिला व्यवहार होतो. पुढचं इंग्लिश गिऱ्हाईकच शिकवतं.

आजच एक मिनिट निवडा. आणि आवाज काढा!